टाकीपासून इंजिनापर्यंत



आज मी आपल्याशी एका नळीविषयी बोलणार आहे. मोटारीच्या टाकीतले पेट्रोल किंवा डिझेल इंजिनापर्यंत नेणारी ही नळी. जाडी करंगळीएवढी, जागा गाडीच्या पोटाखाली, आणि अंगावर बारा महिने धूळ नाही तर चिखल. गाडी विकत घेताना माणूस रंग पाहतो, चाके पाहतो, आसनावर बसून पाहतो. ह्या नळीकडे मात्र कोणी वाकून पाहत नाही. मीही पाहत नव्हतो. मी महाविद्यालयात शिकवणारा माणूस, एम. ए. झालेला, यंत्रविद्येचा अधिकारी नव्हे. पण दोन वर्षांपूर्वी एका माजी विद्यार्थ्यामुळे ही नळी मला वाकून पाहावी लागली, आणि जे पाहिले ते आपल्या सर्वांच्या उपयोगाचे आहे असे वाटल्यावरून आज बोलायला बसलो आहे.

हा विद्यार्थी पारोळा तालुक्यातला, शेतकऱ्याचा मुलगा. त्या साली कपाशीचे पैसे हाती आले आणि घरात एक जुनी पेट्रोल मोटार आली. वडिलांचा विचार सरळ होता. आजारी माणसाला रात्री-अपरात्री धुळ्याला नाहीतर जळगावला न्यायला घरचे वाहन असावे. मुलाचा विचार वेगळा होता. त्याने चित्रपटात पाहिले होते की, शर्यतीच्या मोटारीत एक बाटली असते, चालक बटण दाबतो आणि गाडी बाणासारखी सुटते. ती बाटली, तिच्या नळ्या आणि झडपा असा सगळा संच त्याने कुठून तरी मागवला. आता तो जोडून घ्यायचा होता. पण धुळे रस्त्यावरचे आमच्या ओळखीचे मिस्त्री काही केल्या हात लावीनात. तेव्हा तो माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, तुम्ही शब्द टाका. बाटलीचं सगळं मी बसवलंय. फक्त पेट्रोलच्या लाइनला एक टी मारायचा आहे. दहा मिनिटांचं काम."

मी त्याच्याबरोबर गेलो. मिस्त्रींनी खोके पाहिले, गाडी पाहिली, हात पुसले आणि आपल्या अहिराणीत एकच वाक्य बोलले, "भाऊ, हवा देशी, पन खावाले काय देशी?"

श्रोतेहो, ह्या एका वाक्यात आजचे सगळे भाषण आहे. ते नीट उलगडून पाहू.

त्या बाटलीत जो वायू असतो त्याचे नाव नायट्रस ऑक्साइड. नाव अवघड असले तरी वायू आपल्या ओळखीचा आहे. दवाखान्यात भूल देताना हाच वापरतात. इंग्लंडात जोसेफ प्रीस्टली यांनी १७७२ साली तो प्रथम वेगळा काढला. पुढे १७९९ साली हंफ्री डेव्ही यांनी तो स्वतः हुंगून पाहिला, आणि हसवणारा वायू म्हणून त्याची ख्याती झाली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या काही विमानांत तो इंजिनात सोडण्याची सोय होती. उंच आकाशात हवा विरळ असते, इंजिनाचा दम कोंडतो. तेथे हा वायू उपयोगी पडे. तीच युक्ती पुढे शर्यतीच्या मोटारीत आली.

आता पुष्कळांचा समज असा असतो की, हा वायू म्हणजे पेट्रोलपेक्षा जहाल असे काही इंधन असावे. तसे मुळीच नाही. हा वायू जळत नाही. तो दुसऱ्याला जळायला मदत करतो. आपण श्वास घेतो त्या हवेत वजनाने शंभरातले सुमारे २३ भाग प्राणवायू असतो. ह्या वायूत ३६ भाग असतो. इंजिनाच्या आत सुमारे ३०० अंशांच्या उष्णतेला तो फुटतो आणि प्राणवायू मोकळा होतो. म्हणजे बटण दाबले की इंजिनाला जास्तीचा श्वास मिळतो. पण पोटात जाळायला काही असेल तरच तो श्वास कामाचा. शक्ती येते ती पेट्रोलमधून. बाटली फक्त जास्त पेट्रोल जाळण्याची सोय करते, आणि ते जास्तीचे पेट्रोल बाटलीतून येत नाही. ते टाकीतूनच यायचे, त्याच करंगळीएवढ्या नळीतून.

ह्याचा हिशेब ठरलेला आहे. एक किलो पेट्रोल पुरते जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. तेच ह्या वायूवर जाळायचे तर सुमारे साडेनऊ किलो वायू लागतो. तेव्हा बाटलीतून साडेनऊ किलो वायू इंजिनात गेला की त्याच्या जोडीला एक किलो पेट्रोल गेलेच पाहिजे. वायू गेला आणि पेट्रोल गेले नाही तर काय होईल?

आपल्या गावच्या वेल्डिंगच्या दुकानात गॅस कटर चालताना आपण पाहिला असेल. कारागीर आधी ज्योतीने लोखंड लाल करतो आणि मग दांडी दाबतो. दांडी दाबली की प्राणवायूचा झोत येतो आणि पाऊण इंचाची पट्टी लोण्यासारखी कापली जाते. इंजिनात पेट्रोल कमी आणि प्राणवायू जास्त झाला की आत नेमका असाच कटर पेटतो. पिस्टन तर लोखंडाचाही नसतो, ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. काही सेकंदांत पिस्टनला भोक पडते. गाडी बाणासारखी सुटते खरी, पण ती एकदाच.

म्हणूनच मिस्त्रींनी विचारले, हवा देशील, पण खायला काय देशील?

मुलगा हुशार होता. तो म्हणाला, "म्हणून तर टी मारायचा आहे. पेट्रोल तिथूनच जाईल." त्यावर मिस्त्री म्हणाले, "जाईल ना. पण आधी त्या नळीत तेवढं आहे का, ते तर पाहू."

श्रोतेहो, हे ऐकले आणि मला धुळे जिल्ह्यातली पांझरा नदी आठवली. पांझरेवर फड पद्धतीचे जुने बंधारे आहेत. बंधाऱ्यावरून पाट निघतो, पाटातून चाऱ्या निघतात आणि पाणी फडाफडांना जाते. ह्या पद्धतीतले शहाणपण कशात आहे? बंधाऱ्याला पाणी किती आहे, हे पाहून त्या साली किती फड भिजवायचे ते गाव ठरवते. पाऊस भरपूर तर जास्त फड, कमी तर एखादा फड पडीक. कोणी एकाने उठून पाटाला कुदळ लावायची आणि आपली नवी चारी काढायची, असे तेथे चालत नाही. कारण नवी चारी काढल्याने पाणी वाढत नाही. शेपटाकडच्या शेतकऱ्याचे पाणी तुटते, एवढेच होते. पेट्रोलच्या नळीला टी मारणे म्हणजे पाटाला नवी चारी काढणे होय. चारी काढणे दहा मिनिटांचे काम आहे. प्रश्न बंधाऱ्याच्या पाण्याचा आहे.

तर मग बंधाऱ्यापासून निघून पाट पाहू. हल्लीच्या पेट्रोल मोटारीत टाकीच्या आतच विजेवर चालणारा पंप बसवलेला असतो. त्याच्या तोंडाशी बारीक जाळी असते. पंप पेट्रोल ढकलतो, ते फिल्टरमधून गाळून निघते, गाडीच्या पोटाखालच्या पक्क्या नळीने पुढे येते, तेथे रबरी होसचा एक तुकडा असतो, आणि मग इंजिनाच्या डोक्यावरच्या एका आडव्या नळीत पोचते. तिला रेल म्हणतात. रेलवर इंजेक्टर बसवलेले असतात. इंजेक्टर म्हणजे विजेने उघडझाप होणारी बारीक तोटी. तोटी किती वेळ उघडी ठेवायची हे गाडीतला संगणक ठरवतो. मात्र हा संगणक गृहीत धरून चालतो की, रेलमध्ये दाब ठरलेला आहे. पुष्कळ गाड्यांत हा दाब तीन ते चार बार असतो. दाब घटला तर तोटी तेवढाच वेळ उघडी राहूनही पेट्रोल कमी पडते. ठिबकच्या शेवटच्या तोट्यांचे जसे होते, तसेच.

मिस्त्रींनी रेलला दाब दाखवणारे घड्याळ जोडले. ते गाडीच्या आत घेतले नाही. काचेच्या बाहेर, वायपरखाली अडकवले, कारण पेट्रोल भरलेली नळी बैठकीत आणू नये. इंजिन उभ्या जागी चालू केले. काटा साडेतीनवर. मुलगा खूष झाला. मिस्त्री म्हणाले, "घरी बसल्यावर सगळ्यांचाच दम चांगला असतो." मग आम्ही तिघे धुळ्याच्या दक्षिणेला लळिंगच्या घाटाकडे निघालो. चढ लागला, मिस्त्रींनी पाय पुरता दाबला, आणि काचेपलीकडचा काटा हळूहळू खाली येऊ लागला. तीन. पावणेतीन. अडीचवर येऊन थांबला.

साडेतीनचे अडीच झाले, तर पेट्रोल किती कमी झाले? दाब आणि प्रवाह सारख्या प्रमाणात घटत नाहीत. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. गणिताच्या शिक्षकांनी करून पाहावे. उत्तर येईल की, पेट्रोल जवळजवळ सातव्या हिश्शाने तुटले. म्हणजे बाटली लावण्याआधीच इंजिन अर्धपोटी चढत होते. अशा नळीला टी मारून आणखी एक तोंड लावले असते आणि वरून प्राणवायू सोडला असता, तर ती गाडी लळिंगच्या घाटातच राहिली असती.

परत आल्यावर टाकी उघडली. पंपाच्या तोंडची जाळी काळ्या गाळाने भरलेली. फिल्टर किती वर्षांचा ते सांगता येणार नाही, फुंकर मारली तर गालफडे दुखतील असा. आणि पोटाखालच्या रबरी होसवर क्लिपेजवळ बारीक बारीक चिरा. मुलाने त्या होसला बोट लावले, वास घेतला आणि काही बोलला नाही. आदल्याच आठवड्यात त्या गाडीतून त्याची आजी दवाखान्यात गेली होती.

आता कोणी विचारील, पंप नवा, फिल्टर नवा, नळी नवी असली, म्हणजे मग बाटली लावावी काय? जगात शर्यतीच्या मैदानावर जे लोक ती लावतात ते कशी लावतात, हे आधी ऐका. पेट्रोलची फाटनळी फिल्टरच्या पुढे, रेलजवळ घेतात. ती आखूड ठेवतात, धुराड्याच्या उष्ण नळीपासून लांब नेतात. त्या फाट्यावर विजेची एक झडप, वायूच्या नळीवर दुसरी झडप, आणि दोन्ही एकाच बटणावर, म्हणजे एक उघडली की दुसरी उघडलीच पाहिजे. दोहोंच्या तोंडाशी मापाची भोके असलेले जेट असतात. किती वायूला किती पेट्रोल ते त्या भोकांनी ठरते. पाय पुरता दाबल्याशिवाय आणि इंजिन पुरेशा फेऱ्यांवर असल्याशिवाय झडपा उघडूच नयेत अशी कळ असते. आणि सर्वांत महत्त्वाचा असतो पेट्रोलच्या नळीवरचा दाबाचा राखणदार. दाब ठरल्याखाली गेला की तो वायू बंद करतो. पाहा, एवढी सगळी तजवीज कशासाठी? वायूच्या नळीसाठी नव्हे. पेट्रोलची नळी उपाशी राहू नये ह्यासाठी. आमच्या विद्यार्थ्याच्या खोक्यात तो राखणदार नव्हताच.

शिवाय आपल्या खानदेशाचा म्हणून एक प्रश्न आहे. हा वायू बाटलीत द्रवरूपाने भरलेला असतो. २० अंश उष्णतेला त्याचा दाब ५० बार असतो, म्हणजे मोटारीच्या चाकातल्या हवेच्या सुमारे पंचवीस पट. उष्णता ३६ अंशांच्या थोडी वर गेली की हा द्रव द्रव म्हणून राहूच शकत नाही. तेव्हा दाब ७२ बारच्या पुढे जातो, आणि भरलेल्या बाटलीत तो झपाट्याने चढत राहतो. आता भुसावळ-जळगावचा मे महिना डोळ्यांसमोर आणा. सावलीत ४४-४५ अंश. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत हात ठेववत नाही. थंड देशातल्या पुस्तकातली मापे येथे कशी लागू पडावीत? भोकाचे माप एका दाबाला ठरवलेले, आणि बाटलीत दाब भलताच. वायू जास्त, पेट्रोल तेवढेच. पुन्हा तोच कटर.

कायद्याचेही ऐकून ठेवावे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे कारखान्याने ठरवून दिलेल्या बनावटीत मालकाला मनमानी फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम अधिक स्पष्ट केले आहे. गाडीला मान्यताप्राप्त सीएनजी किंवा एलपीजीचा संच बसवून घेता येतो, पण तो अधिकृत जागी, नोंद करून. घरगुती गॅसच्या टाकीतून मोटारीत गॅस भरणे हा तर गुन्हा आहे आणि जिवाशी खेळ आहे. जळगाव शहरात नोव्हेंबर २०२४ मध्ये असा गॅस भरताना स्फोट झाला, माणसे भाजली आणि दगावली. आपल्या गावात असे कोठे चालत असेल तर ओळखीचा माणूस म्हणून गप्प बसू नये.

हे झाले बाटलीचे. पण आपल्यापैकी शंभरातल्या नव्याण्णवांना बाटलीशी कर्तव्य नाही. नळीशी मात्र आहे, कारण मोटारसायकल, ट्रॅक्टर, फवारणीचा पंप, विहिरीवरचे इंजिन ह्या सर्वांना ती आहे. म्हणून काही कामाच्या गोष्टी.

पहिली गोष्ट नळीच्या जातीची. आपला जळगाव जिल्हा ठिबकच्या नळ्यांचा. घरोघरी, बांधाबांधावर नळीचे तुकडे पडलेले. मोटारसायकलची नळी फाटली की सहज एखादा तुकडा कापून लावला जातो. हे करू नये. ठिबकची नळी पाण्यासाठी केलेली असते. पेट्रोलने ती फुगते आणि मऊ पडते. पारदर्शक प्लास्टिकची नळी उलट कडक होते आणि एके दिवशी काचेसारखी तडकते. दुकानात पेट्रोलची नळी म्हणूनच मागावी, आणि इथेनॉल चालणारी आहे ना, हे विचारून घ्यावे. कारण आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या गाड्यांतले रबर त्या बेताने केलेले नव्हते. जुनी गाडी असेल तर सगळे रबरी तुकडे एकदा तपासून बदलणे शहाणपणाचे. इथेनॉल पाणीही ओढते. म्हणून पावसाळ्यात गाडी महिनोन्महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नये, आणि टाकीचे झाकण नीट बसते ना ते पाहावे.

दुसरी गोष्ट दाबाची. जुन्या मोटारसायकलीत पेट्रोल टाकीतून आपल्या वजनाने खाली उतरत असे. नळी काढली तर धार लागे, इतकेच. एप्रिल २०२० पासूनच्या नव्या नियमांच्या बहुतेक मोटारसायकलींत पंप आणि इंजेक्टर आले आहेत. त्या नळीत दाब असतो. मित्राला बाटलीभर पेट्रोल द्यायचे म्हणून ती उपसली तर पेट्रोल पिचकारीसारखे उडते, डोळ्यांत जाते, तापलेल्या इंजिनावर पडते. मोटारीची नळी सोडायची तर मिस्त्री आधी पंपाचा फ्यूज काढतात, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतात, बॅटरीची उणे बाजूची तार सोडतात, आणि मगच पान्याला हात घालतात. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आणि जेथे दाब आहे तेथे सुतळी, तार किंवा चिकटपट्टी चालत नाही. योग्य मापाची क्लिपच हवी.

तिसरी गोष्ट डिझेलची. माझ्या लहानपणी आमच्या विहिरीवर ऑइल इंजिन होते. डिझेल संपून इंजिन बंद पडले की पुन्हा डिझेल ओतूनही ते चालू होत नसे. वडील हँडल मारून मारून घामाघूम होत. मला वाटे, इंजिन रुसले. खरे कारण साधे होते. नळीत हवा धरली होती. डिझेलचा पंप डिझेलला रेटू शकतो, कारण द्रव दबत नाही. हवा मात्र दबते. पंप रेटतो, हवा आखडते; पंप सोडतो, हवा पसरते; आणि डिझेल जागचे हलत नाही. उपाय हाच की, फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू सैल करावा आणि हाताच्या पंपाने डिझेल खेचत राहावे. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग नितळ धार. नितळ धार आली की स्क्रू घट्ट करावा. ट्रॅक्टर वारंवार हवा धरत असेल तर दर वेळी नुसती हवा काढून भागणार नाही. टाकी ते पंप ह्या टप्प्यात कोठेतरी सैल जोड आहे. येथे डिझेल ओढले जाते, त्यामुळे जोड गळत नाही, उलट बाहेरची हवा आत घेतो. म्हणून तो डोळ्यांना दिसत नाही. जोडांना बाहेरून डिझेलचा हात लावून पाहावे. जेथे ते आत ओढले जाते तो जोड चोर.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. इंजेक्शन पंपापासून नोझलपर्यंतच्या बारीक पोलादी नळीत शेकडो बार दाब असतो. ती गळते का, हे बोट लावून कधीही पाहू नये. ती धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, दुखतही नाही, आणि हात गमावण्याची वेळ येते. असे झाले तर घरगुती उपाय न करता तडक मोठ्या दवाखान्यात जावे आणि डॉक्टरांना कशाची धार लागली ते स्पष्ट सांगावे. गळती पाहायची तर पुठ्ठ्याचा तुकडा समोर धरावा.

शिक्षक बंधुभगिनींसाठी एक प्रयोग सुचवतो. त्याला खर्च नाही. एक बादली बाकावर ठेवा. तिच्यातून ठिबकची एक नळी खाली सोडा आणि एका मिनिटात मोजपात्रात किती पाणी येते ते मुलांना लिहायला सांगा. मग मध्ये टी घालून दोन तोंडे करा आणि दोन्हीकडचे पाणी वेगवेगळे मोजा. मुलांना आधी अंदाज करू द्या. पुष्कळ मुले सांगतील की, तोंडे दोन झाली, पाणी दुप्पट येईल. मोजल्यावर काय येते ते त्यांचे त्यांना दिसू द्या. मग टीच्या आधीच्या भागात थोडा कापूस भरून फिल्टर तुंबल्याची अवस्था दाखवा. हा प्रयोग पाण्यानेच करावा, पेट्रोलने नव्हे, हे सांगायला नको, तरी सांगतो.

आता आमच्या विद्यार्थ्याचे काय झाले ते सांगून संपवतो. मिस्त्रींनी जाळी धुतली, फिल्टर नवा घातला, पंप बदलला, चिरलेला होस काढून इथेनॉल चालणारा घातला. चार दिवसांनी आम्ही पुन्हा लळिंगला गेलो. तोच चढ, तोच पाय, आणि काचेपलीकडचा काटा साडेतीनवरून सव्वातीनच्या खाली उतरला नाही. ह्या वेळी गाडी मुलगा चालवत होता. घाटमाथ्यावर त्याने गाडी बाजूला घेतली आणि म्हणाला, "सर, ही गाडी एवढी पळते हे मला माहीतच नव्हतं." मिस्त्री मागे बसून हसत होते. गाडीत जी शक्ती कारखान्याने दिली होती तिच्यापैकी पुष्कळशी त्या नळीत अडकून पडली होती, आणि हा बिचारा ती बाहेरून बाटलीत विकत आणायला निघाला होता.

बाटलीचे खोके अजून मिस्त्रींच्या दुकानात फळीवर आहे. त्यातली बाटली रिकामी करून घेतली आहे. कोणी तरुण तसलेच मनात घेऊन आला की मिस्त्री ते खोके खाली काढतात, आणि त्याच्या शेजारी तो जुना, चिरलेला होस ठेवतात. भाषण करीत नाहीत.

श्रोतेहो, वेग वाढवावा, बळ वाढवावे ही इच्छा वाईट नव्हे. तरुणांना ती नसेल तर कोणाला असावी? फक्त फड वाढवण्याआधी बंधाऱ्यावर जाऊन पाणी पाहून यावे, एवढेच आपल्या पूर्वजांनी पांझरेच्या काठी करून दाखवले आहे. उद्या सकाळी गाडी बाहेर काढण्याआधी एकदा खाली वाका, त्या नळीवरून बोट फिरवा आणि बोटाचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला, तर त्या दिवशी गाडी बाहेर काढू नका.